न्हाणीची दिवाळी

महाराष्ट्रात घराची वर्षाची मोठी साफसफाई आश्विनात होते आणि तिच्यात न्हाणीघराचा क्रम शेवटचा लागतो. काही घरांत नवरात्राचे घट बसण्यापूर्वीच झाडलोट उरकते, बहुतेक घरांत ती दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत चालते. माळ्यावरची भांडी, सतरंज्या, पडदे, दिव्यांच्या काचा हे सगळे न्हाणीत किंवा मोरीवर धुतले जाते. घरभराचा मळ असा पोटात घेऊन झाला, की मग न्हाणी स्वतः घासायला मोकळी होते. मुदत मात्र पक्की असते. आश्विन वद्य चतुर्दशीला, म्हणजे नरकचतुर्दशीला, सूर्योदयापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे अभ्यंगस्नान व्हायचे; तेव्हा आदल्या संध्याकाळपर्यंत न्हाणी लख्ख हवी. देवघर आणि स्वयंपाकघर कोणत्याही सणाला धुतले जाते. आंघोळीच्या जागेला सणाचा मान मिळतो तो या एका पहाटेपुरता.

या मोसमामागे शास्त्रापेक्षा पाऊस अधिक आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने न्हाणीला कधी ऊन लागत नाही. भिंतींना ओल येते, चुन्याचे पोपडे सुटतात, दगडांच्या सांध्यांत शेवाळ धरते आणि कोकणात तर दाराच्या चौकटीवरही बुरशीचा पांढरा थर चढतो. पाऊस सरल्यावर हे सगळे खरवडून काढायचे, भिंतीला चुन्याचा नवा हात द्यायचा आणि आश्विनाच्या कडक उन्हात तो वाळू द्यायचा, हा क्रम हवामानानेच घालून दिलेला आहे. चैत्रात पाडव्याला घर झाडतात, पण न्हाणी घासायला पाणी लागते आणि चैत्रात आडाचे पाणी तळाशी गेलेले असते. आश्विनात विहिरी भरलेल्या असतात. थंडीच्या देशांत बर्फ वितळल्यावर वसंतात घर उघडून धुण्याची चाल पडली. इथे त्याच कामाला पावसाळ्याचा शेवट गाठावा लागला.

‘न्हाणी’ हा शब्द संस्कृत ‘स्नान’ आणि प्राकृत ‘ण्हाण’ या वाटेने मराठीत आला. त्याच्याच घरातली न्हाणे, न्हाण, न्हाऊ घालणे ही रूपे आहेत. ‘मोरी’ म्हणजे मुळात पाणी वाहून जाण्याचे भोक किंवा नाली. पुढे त्या नालीपाशी भांडी घासायची, हातपाय धुवायची जी जागा असे तिलाच मोरी म्हणू लागले. वाड्यात दोन्ही वेगळ्या असत. मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, न्हाणी मागच्या बाजूला, आडाच्या किंवा हौदाच्या जवळ. कोकणात ती मागीलदारी, कधी घराला चिकटून तर कधी झापांच्या आडोशाची. पारोशाने स्वयंपाकाला हात लावायचा नाही असा दंडक असलेल्या घरांत दिवस न्हाणीपासूनच सुरू होई, त्यामुळे ही जागा अडगळीची असली तरी दुर्लक्षित नव्हती.

जुन्या न्हाणीची जमीन देशावर काळ्या दगडाची आणि कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची असे. एका बाजूला उतार, उताराच्या टोकाला भिंतीत भोक, आणि भोकाबाहेर केळी, अळू किंवा कर्दळीचा वाफा. सांडपाण्याची सोय म्हणून ही झाडे मुद्दाम लावलेली असत. पाणी कितीही दिले तरी ती नको म्हणत नाहीत. भोकातून पाणी बाहेर जाई, तसे बाहेरचे आतही येई: उंदीर, घूस, कधी साप. म्हणून आंघोळी आटोपल्या की भोकात चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवण्याची पद्धत होती. ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण याच रोजच्या कामातून निघाली. बोळा कुजून गेलेला असे, तो काढून टाकणे आणि भोकात साचलेले केस, काथ्याचे तंतू व शिकेकाईचा चोथा काठीने उपसणे हे वार्षिक साफसफाईतले सर्वांत किळसवाणे काम. ते बहुधा घरातल्या धाकट्या सुनेच्या वाट्याला येई.

घासण्याची साधने घरातलीच होती. शेवाळासाठी विटेचा तुकडा आणि खराटा, दगडासाठी नारळाची शेंडी, आणि सगळ्यासाठी चुलीतली राख. राखेची निवड केवळ ती फुकट मिळते म्हणून झालेली नव्हती. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचा क्षार असतो. तो तेलकटपणाशी संयोग पावून साबणासारखेच काम करतो. न्हाणीच्या दगडावर वर्षभर खोबरेल आणि तिळेल सांडत असे, लहान मुलांना व बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घातले जाई, आणि तो तेलाचा थर नुसत्या पाण्याने हलत नसे. राख टाकून शेंडीने रगडले की तो सुटे. शेवाळ पुन्हा लवकर धरू नये म्हणून सांध्यांत चुन्याची निवळी ओतत. चुना भिंतीला लावायचा तोही नुसत्या पांढऱ्या रंगासाठी नव्हे. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारपणात बुरशी जगत नाही.

खरी मेहनत मात्र धातूवर होई. न्हाणीत पाणी तापवायचा हंडा, पाणी विसणायचे घंगाळ, कळशा आणि तांब्या हे सारे तांब्यापितळेचे. पाय घासायची वज्रीही काही घरांत पितळेची असे. हंडा चुलवणावर कायमचा बसवलेला असल्यामुळे त्याचे बूड काजळीने इंचभर जाड झालेले असे, आणि पावसाळी हवेने तांब्याचा वरचा भाग काळवंडून जाई. तो रोज घासला जात नसे. दिवाळीच्या आधी हंडा चुलवणावरून उतरवून परसात आणत आणि चिंचेने घासत. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते, जोडीला मीठ असले की काम लवकर होते. कोकणात चिंचेऐवजी आमसुलांचा चोथा, कुठे बिमली, कुठे आंबट ताकाचा गाळ. आंबट लावून झाल्यावर राखेने कोरडे घासले नाही तर तांबे काही तासांत पुन्हा लाल-काळे पडते, हे प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक होते. आधी आम्ल आणि मग क्षार, असा तो क्रम. नाव न घेता पाळलेले रसायनशास्त्रच ते.

बंब आला तेव्हा या कामात आणखी भर पडली. बंब म्हणजे तांब्याचे उभे नळकांडे; मधून जाणारी धुराची नळी, खाली जाळी, वर गार पाणी ओतायचे नरसाळे आणि पोटाशी तोटी. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा, गोवरीचे तुकडे किंवा नारळाची सोडणे पेटवली की भोवतीचे पाणी तापते. नरसाळ्यातून जितके गार पाणी ओतावे तितके कढत पाणी तोटीतून बाहेर येते, त्यामुळे एकामागून एक साऱ्या घराच्या आंघोळी होऊ शकतात. रशियन समोवाराची रचनाही अशीच आहे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून हंडे, घंगाळी आणि पुढे बंब ठोकत आली. तिथला ठोक्यांचा आवाज हीच त्या आळीची पाटी होती. बंबाने हंड्याच्या चुलवणापेक्षा सरपण वाचवले, पण घासणाऱ्याचे काम वाचवले नाही. बाहेरून त्याला चिंच लागेच. शिवाय मधली नळी काजळीने चोंदली की धूर उलटा फिरे. ती नळी वर्षातून एकदा काठीला चिंध्या गुंडाळून वरून खालपर्यंत साफ करावी लागे. हे काम करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत काळा होऊन निघे आणि मग त्यालाच आधी आंघोळ लागे, तीही न पेटलेल्या बंबाच्या गार पाण्याने.

हंडा घासून चकचकीत झाल्यावर चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो भरून ठेवत. देशावर पाटाभोवती रांगोळी काढून उटणे, तेलाची वाटी, आघाड्याची डहाळी आणि ओवाळायचे ताट मांडले जाई. अंगाभोवती आघाडा फिरवणे हा त्या स्नानाचा भाग आहे. गोव्यात आणि कारवारकडे पाण्याच्या मोठ्या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. आदल्या रात्री भाणाला चुन्याच्या व कुंकवाच्या रेघा ओढून गळ्यात कारिटाची वेल बांधण्याची चाल तिकडे आहे. कानडी मुलखात त्या संध्याकाळचे नावच पाणी भरण्याचा सण असे आहे. न्हाणीची साफसफाई ही या पूजेची पूर्वतयारी होती असे म्हणण्यापेक्षा दोन्ही एकच कृती होती असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल: आधी चिंच, मग पाणी, मग कुंकू. दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणात आंघोळ झाल्यावर तुळशीपाशी कारिटाचे कडू फळ पायाखाली फोडतात, आणि तोवर न्हाणीची जमीन पुन्हा तेलाने व उटण्याने माखलेली असते. वर्षाच्या सर्वांत मोठ्या सफाईनंतर काही तासांतच न्हाणी वर्षातली सर्वांत मळकट होई, ही त्यातली गंमत.

पाणी जोवर खांद्यावरून येत होते तोवर न्हाणी धुण्याला मर्यादा होती. घागरी मोजून आणलेले पाणी दगडावर ओतायला कुणाला परवडत नसे. काही शहरांत ही अडचण आधीच कमी झाली होती. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहरी बांधल्या. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणून ते पेठांमधल्या काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत सोडले गेले. मुंबईचे चित्र १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आल्यावर बदलले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसाची भर पडली. पाणी आले, पण ते बाहेर जाण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. चाळीतल्या मोऱ्यांचे पाणी दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात उतरे. मुंबईकर त्याला आजही ‘हाऊस गल्ली’ म्हणतात. परसातल्या केळीने जे पाणी पिऊन टाकले असते ते या गल्लीत तुंबून राही. घरातली मोरी धुतली की बाहेर घाण वाढे.

हे दुखणे १८९६ मध्ये उघडे पडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. रोग ओल आणि घाणीतून उपजतो असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा समज होता, म्हणून पहिला हल्ला मोऱ्या आणि गटारांवर झाला. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल त्यांतून धो धो सोडले, घरांच्या भिंतींना सक्तीने चुना फासला. पुण्यात १८९७ मध्ये गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरझडतीला थेट स्वयंपाकघर आणि न्हाणीपर्यंत शिरल्या. त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर झाडलेल्या गोळीत झाला. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो असे दाखवले. कार्बोलिकने धुतलेल्या मोरीमुळे उंदीर फक्त दुसऱ्या घरात गेला होता. मोरीच्या भोकातला चिंध्यांचा बोळा हा त्या सगळ्या कार्बोलिकपेक्षा उपयोगी होता, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते.

तरीही त्या मोहिमांचा एक वारसा घरांत राहिला, तो वासाचा. कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांचे काळे फिनेल पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होते आणि त्याचा वास दिवसभर जात नाही. इस्पितळे, रेल्वे स्टेशने आणि शाळा यांतून तो लोकांच्या नाकात बसला आणि विसाव्या शतकात शहरी घरांत न्हाणी धुतल्याची खूण झाला. राखेला वास नव्हता, चुन्याचा वास पावसात निघून जाई. फिनेलमुळे प्रथमच स्वच्छता शेजाऱ्यालाही कळू लागली. मोरीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची चाल त्याच घराण्यातली. खेड्यांत हे स्थान क्लोरीनयुक्त चुन्याच्या भुकटीने घेतले. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ही भुकटी. तिचे इंग्रजी नाव लोकांनी ‘टीसीएल’ असे आखूड करून घेतले आहे.

गिरणगावातल्या एका खोलीच्या घरात न्हाणी आणि मोरी पुन्हा एक झाल्या. खोलीच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा कठडा, त्याच्या आत नळ किंवा पाण्याचे पिंप, आणि एक पडदा. सकाळी तिथे आंघोळी, दुपारी धुणे, रात्री भांडी. जागा इतकी लहान की ती रोजच घासली जाई. वार्षिक काम उरे ते पिंपाचे. पाणी दिवसातून तास-दोन तास येणाऱ्या वस्तीत भरलेले पिंप रिकामे करायला जीव होत नाही. तळाशी गाळ बसतो, कडेला बुळबुळीत थर येतो, आणि डासांच्या अळ्या होतात. डेंग्यूच्या साथी सुरू झाल्यावर महापालिका आणि ग्रामपंचायती आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगू लागल्या, तेव्हा दिवाळीला होणारे हे काम आठवड्याचे झाले, निदान भिंतीवरच्या पत्रकात.

मुंबईच्या या कोपऱ्याने भारतीय इंग्रजीला एक शब्द दिला. इमारतींचे आराखडे आणि नियम इंग्रजीत लिहिले जात, पण धुण्याच्या त्या कठडेदार जागेला नेमका इंग्रजी शब्द नव्हता, म्हणून ‘नहाणी’ हाच शब्द कागदांत उतरला. तिच्या तळाशी बसवायच्या ओतीव लोखंडी भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणू लागले. आज स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हा शब्द देशभर शिकवला जातो, आणि ज्या प्रांतात न्हाणी म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही तिथला प्लंबरही तो वापरतो. ट्रॅपचे काम बोळ्याचेच आहे, साधन मात्र हुशारीचे. जाळीखालच्या वाकड्या भांड्यात थोडे पाणी कायम साचून राहते. सांडपाणी त्याच्यावरून निघून जाते, पण गटारातला वायू आणि झुरळे त्या पाण्याला अडतात. घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी वाळून जाते आणि परतल्यावर न्हाणीत गटाराचा वास येतो. अशा वेळी लोक फिनेलची बाटली शोधतात. खरे तर तांब्याभर पाणी ओतले की पुरते. वर्षातून एकदा जाळी उचलून आतली केसांची गुंडाळी काढावीच लागते. त्या कामातून ओतीव लोखंडाने सुटका केली नाही आणि पुढच्या प्लॅस्टिकनेही नाही.

जमिनीचा दगडही रेल्वेने बदलला. मुंबईहून सोलापूरमार्गे निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोचला आणि वाटेतल्या शहाबादचा, तेव्हा निजामाच्या राज्यातला, चुनखडीचा दगड स्वस्तात मुंबई-पुण्याकडे येऊ लागला. हा दगड थरांत निघतो, म्हणून पातळ फरश्या करायला सोपा. ‘शहाबादी’ हे नावच मग फरशीचे झाले आणि वाड्यांच्या, चाळींच्या, बंगल्यांच्या न्हाण्या तिने मढल्या. राख आणि सोडा यांना ही फरशी चांगली टिके. तिचा एकच शत्रू होता. चुनखडी आम्लात विरघळते. शहाबादीवर आम्ल पडले की फेस येतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्या खरखरीत भागात मळ पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. म्हणून मग आणखी आम्ल ओतले जाते. जुन्या इमारतींत मोरीच्या तोंडाशी फरशी खोलगट झिजलेली दिसते तिथे पाण्याइतकाच बाटलीतल्या आम्लाचाही हात असतो.

आम्ल मोरीवर यायला दोन कारणे घडली. एक साबण. लाइफबॉय भारतात १८९५ पासून मिळू लागला, स्वदेशीच्या काळात देशी कारखान्यांचे साबण आले, आणि उटणे-शिकेकाई हळूहळू दिवाळीपुरती उरली. पुढे दिवाळीच्या त्या पहाटेलाही मोती साबणाने आपली जागा करून घेतली. उटण्याचा मळ तेलकट आणि भुसभुशीत, तो राखेने जाई. साबणाचा मळ वेगळा: जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण संयोग पावला की न विरघळणारा करडा थर तयार होतो आणि तो भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर चिकटून बसतो. दुसरे कारण म्हणजे ते जड पाणी. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात यंत्राने विंधन विहिरी घेण्याचा धडाका सुरू झाला. दख्खनच्या खडकातून उपसलेल्या या पाण्यात क्षार जास्त. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरी दाढी उगवते, बादलीला आतून खडूसारखा थर चढतो, गिझरची कांडी क्षारांनी जाड होऊन जळते. राख या थरापुढे निरुपयोगी आहे, कारण क्षाराला क्षाराने काढता येत नाही. म्हणून पुन्हा आम्ल: श्रीमंत घरांत लिंबू किंवा व्हिनेगर, बाकीच्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. हंड्यावरून चिंच निघून गेली ती या वाटेने नळावर परत आली, फक्त तीव्र होऊन. तांब्याच्या भांड्यांसाठीही चिंचेची जागा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ठाण्याहून निघालेल्या पितांबरी पावडरने घेतली.

फरशांची पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्सने सिमेंटच्या रंगीत लाद्या रूढ केल्या. त्या दिवाणखान्यात शोभल्या; न्हाणीच्या भिंतीवर चढल्या त्या चकाकी दिलेल्या पांढऱ्या चौकोनी टाइल्स. १९५८ नंतर ठाण्यात त्यांचे मोठे उत्पादन होऊ लागले. टाइलवर ना शेवाळ टिकते ना आम्ल चढते. मळ सगळा सरकला दोन टाइल्समधल्या सिमेंटच्या रेषेत, आणि घासण्याचे हत्यार खराट्यावरून झिजलेल्या टूथब्रशवर आले. दर दिवाळीला चुना लावण्याचे कामही भिंत टाइल्सने झाकल्यावर छतापुरतेच राहिले.

या सगळ्या काळात एक जागा न्हाणीच्या साफसफाईत येतच नव्हती, ती म्हणजे संडास. न्हाणी घरातल्या बायका घासत. संडास घरापासून दूर, परसाच्या टोकाला; तो टोपलीचा असे आणि ती टोपली उचलण्याचे काम जन्माने ज्यांच्यावर लादले होते त्या जातींची माणसे मागच्या बोळातून येऊन करत. दोन्ही जागांमधले अंतर आरोग्याच्या हिशेबाने कमी आणि विटाळाच्या हिशेबाने अधिक मोजलेले होते. १९२० आणि ३० च्या दशकांत दादर-माटुंग्याला ब्लॉक पद्धतीच्या इमारती उठल्या, तेव्हा संडास घराच्या दारात आला. पुष्कळ भाडेकरूंना तो घरात असणे पटत नव्हते. वास्तुरचनेने त्यावर तोड काढली: संडास-न्हाणी मागच्या टोकाला आणि सफाईवाल्यासाठी वेगळा मागचा जिना. पाणी ओतून साफ होणारा संडास आला, पण तो कुणी साफ करायचा हा प्रश्न जिन्यापाशीच थांबून राहिला. हाताने हे काम करणे प्रतिष्ठेचे आहे असे आचरणातून सांगणाऱ्यांत कोकणातले आप्पासाहेब पटवर्धन ठळक होते. तुरुंगात हे काम आपल्याला करू द्यावे या त्यांच्या मागणीसाठी १९३२ च्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सुधारित संडासांचे प्रयोग केले. टोपलीच्या संडासांवर आणि त्या कामासाठी माणूस लावण्यावर देशात १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली आणि २०१३ मध्ये तो कायदा अधिक व्यापक झाला.

घरांमध्ये बदल त्याआधीच, गाजावाजा न होता, घडला होता. सदनिकांमधला मागचा जिना नाहीसा झाला, संडास आणि न्हाणी एका दाराआड आली आणि ‘संडास-बाथरूम’ हा जोडशब्द तयार झाला. ज्या हातांनी एकेकाळी हंडा घासला जाई त्याच हातांना आता संडासाचे भांडे घासावे लागू लागले. ॲसिडच्या बाटलीची घराघरांतली लोकप्रियता या क्षणाशी बांधलेली आहे. हात न लावता, दुरून ओतून, फेस उठताना पाहून काम झाल्याचे समाधान तिने दिले. शहाबादी फरशीने त्याची किंमत मोजली, आणि काही वेळा माणसांनीही. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो; बंद न्हाणीत तो श्वासात गेला तर जिवावर बेतते. ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यानंतर नाव-लेबल नसलेल्या बाटल्या कमी झाल्या आणि रंगीत जाडसर द्रवाच्या वाकड्या मानेच्या बाटल्या त्यांच्या जागी आल्या. आतले द्रव्य पुष्कळदा तेच, फक्त सौम्य केलेले.

धातू मात्र न्हाणीतून जवळजवळ गेला. पितळी बादलीच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी आली, तिच्या जागी प्लॅस्टिकची. तांब्याची जागा मगाने घेतली. गिझर, आणि गच्चीवर सौर बंब आल्यावर तांब्याचा बंब मोडीत निघाला. मोडीत न निघालेले काही दिवाणखान्यात, आत वाळू भरून किंवा वर दिवा बसवून, शोभेला उभे आहेत. तिथे त्यांना चिंच लागत नाही, लाखेचा पारदर्शक हात दिलेला असतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात शहरांतल्या सफाई कंपन्या आता ‘डीप क्लीनिंग’ची कामे घेतात. ट्रॅपची जाळी काढणे, टाइल्सच्या रेषा ब्रशने घासणे, नळांवरचे क्षार आम्लाने उतरवणे, असे त्या कामाचे टप्पे असतात आणि चतुर्दशीच्या आधीच्या तारखा आठवडाभर अगोदर भरतात.

आदल्या संध्याकाळच्या पाणी भरण्याला या घरांत तसे कारण उरलेले नाही. गिझर भिंतीवर उंच टांगलेला असतो, त्याच्याभोवती रांगोळी काढता येत नाही आणि गळ्यात वेलही बांधता येत नाही. तरी बऱ्याच घरांत रात्री एक बादली, असेलच तर घंगाळ, भरून ठेवतात, कडेला कुंकवाचे बोट लावतात आणि कोरड्या टाइलवर पाट मांडून त्याच्याभोवती चार ओळींची रांगोळी ओढतात. पहाटेच्या पहिल्या तांब्याबरोबर ती उताराच्या दिशेने वाहत जाते आणि उटण्यासकट नहाणी ट्रॅपच्या जाळीवर जाऊन बसते.